खिडकीची कडी

जमिनीतून येणारा रेडॉन वायू मोजायची डबी. खुंटीवर लुगडं. आतून कडी लावलेली खिडकी.

"मी येईपर्यंत उघडू नका," असं संग्रामपूरच्या वच्छलाबाईंना मीच बजावलं होतं.

दोन वर्षांनी डबी न्यायला गेलो. सून जयमाला म्हणाली, "लय वाट पाह्यली बुढीनं तुमची. धाप लागे, तरी खिडकी उघडू नाही दिली. 'सायेब येतीन,' म्हणे. पोळ्याले वारली."

मी घाईनं खिडकी उघडली आणि डबीकडे वळलो. मागे कडी वाजली. खिडकी बंद होती.

पुन्हा उघडली. पुन्हा कडी.

"राहू द्या, सायेब. तुमी आले, हे तिले अजून समजलं नाही."

"वच्छलाबाई, मी आलोय," मी म्हणालो.

माझ्या कानाशी कुणीतरी कोंडून धरलेला श्वास सोडला.

मोजणी फक्त तीन महिन्यांची होती.