कोंबड्याची विळी

यशवंतपूरच्या कारखान्यात फिटर असलेल्या उमाकांतने बायकोसाठी मोठ्या हौसेने कोंबड्याची विळी घडवली होती. वाकडी मान म्हणजे पातं आणि तुरा म्हणजे खोबरं खवायचे दाते. चिरून झालं की मान पाटावर आडवी पाडायची आणि खिटी लावायची.

“प्रेमा!” रविवारी सकाळीच तो कडाडला. “विळी पुन्हा उभी! नयना रांगते घरात, अक्कल आहे का तुला?”

“अहो, स्वल्प हळू बोला. आत्ताच आडवी केली मी.”

“मग काय कोंबडा आपणहून उठला?”

दाणदाण पाय आपटत जाऊन त्याने मान आडवी केली, खिटी ठोकली. पाठ वळते न वळते तोच टक्क आवाज झाला. मान उभी होती.

उमाकांतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याच हातची वस्तू आपल्याला खोटं पाडते? त्याने पक्कड घेतली, बिजागरीची खीळच उपटली आणि सुटं पातं मुठीत धरून ओरडला, “आता ऊठ म्हणावं!”

त्याच्या आवाजाने नयना रांगत पायाशी आली.

टक्क.

या खेपेला आवाज त्याच्या मनगटातून आला, आणि पातं धरलेला हात, त्याने न उचलताच, उभा राहिला.