दाराचं माप

गणिताच्या मास्तरांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच करवत हातात धरली आणि बायकोसाठी बाहेरच्या खोलीत पलंग बनवला. ती दोन वर्षं आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. आल्यागेल्यासमोर असं पडून राहायचं नाही, हा तिचा हट्ट.

पलंग तयार झाला. पण आडवा, उभा, तिरका, कसाही फिरवला तरी आतल्या दारातून जाईना.

"माप घ्यायचं राहिलं वाटतं!" मदतीला आलेला शेजारी हसला.

"राहिलं खरं."

आतून आवाज आला, "जन्मभर पोरांना गणित शिकवलंत ना? आता तो मोडत बसू नका. मलाच न्या बाहेर!"

खिडकीशी तिची उशी लावून मास्तर वळले आणि भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं 'दाराची रुंदी अधिक चार इंच' त्यांनी अंगठ्याने हळूच पुसलं.