ढोकळी शिजेपर्यंत

धुळ्याहून सुरतेला आलेल्या रंजनाला दाळढोकळी शिकवली शेजारच्या कोकिळाबेननं. उकळत्या दाळीत कणकेची ढोकळी सोडली की बेन नवऱ्याला, रमणभाईंना, शिव्या द्यायला घेत. शिव्या संपल्या की ढोकळी शिजलेली. रमणभाईंचं काही चुकलं नाही, तर ढोकळी कच्ची. रंजनानं कृती जशीच्या तशी उचलली. तिचा वाल्मिक मिलमधून आला की सुरू, ‘इतका उशीर?’पासून सात पिढ्यांपर्यंत. तो पाटावर मुकाट ऐके, शेवटी विचारी, “शिजनी का वं?” प्लेगनंतरच्या वर्षी एकदा तो आला नाही, चौघांनी चादरीत आणला. महिन्याभरानं पोरांनी ढोकळी मागितली. दाळीत सोडून रंजना रिकाम्या पाटासमोर गप्प राहिली. करपल्याचा वास भिंतीपलीकडे गेला. रमणभाई आले, मान खाली घालून पाटावर बसले. “चालू कर, रंजनाबेन. मला दे शिव्या.” “तुम्हाला कशापायी, भाई? तुम्ही तर घरी आले.”