समोरच्या इमारतीतला हिरवा ठिपका

उमाने डावा डोळा झाकला. तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर कडेकडेने दिसलं. मधे राखाडी डाग होता.

"डोळा फिरवला की डागही फिरतो?" डॉ. अनुयांनी विचारलं.

"हो. बघेन तिथे येतो."

स्कॅन झाला. "डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध भाजलंय. लेझरकडे थेट बघितलंत?"

"कोण मारतंय ते बघायलाच खिडकीत गेले होते."

शनिवारी संध्याकाळी सोनिवलीच्या घरात, ओट्यामागच्या भिंतीवर हिरवा ठिपका नाचायला लागला होता. तीनदा चमकायचा, थांबायचा, परत तीनदा. रविवारीही तेच. उमा चिडून खिडकीशी गेली आणि समोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून तो सरळ तिच्या उजव्या डोळ्यात शिरला.

"सूज उतरायला गोळ्या देते," डॉक्टर म्हणाल्या. "बाकी वाट बघायची. तीनेक महिन्यांत बऱ्याच जणांची नजर सुधारते. पूर्ण येईलच, असं नाही सांगत."

उमा अंबरनाथला औषध कंपनीच्या लॅबमध्ये होती. दिवसभर मायक्रोस्कोप. तिने गोळ्यांची चिठ्ठी घेतली.

तिचा नवरा गुरुदत्त मात्र पेटला. "त्या कार्ट्याला आज सोडत नाही!"

सोमवारी दुपारीच तो हवालदाराला घेऊन समोरच्या इमारतीत गेला. उमाही मागोमाग गेली.

"चौथ्यावर एकच फ्लॅट भरलाय साहेब," वॉचमन कैलास म्हणाला. "हेमचंद्र सर. कॉलेजात शिकवायचे. एकटेच असतात."

"मग पाहुण्यांची पोरं असतील," गुरुदत्त म्हणाला.

बेल वाजवली. कुणी आलं नाही. आत काहीतरी खडखडलं.

"बघा! आहेत आत. मुद्दाम उघडत नाहीत." गुरुदत्तने दारावर मूठ आपटली.

शेवटी कैलासने सोसायटीकडची दुसरी चावी आणली.

हॉल रिकामा होता. बेडरूममध्ये, बाल्कनीच्या काचेच्या दाराशी सर जमिनीवर पडले होते. एक पाय भलताच वळलेला, ओठ फुटलेले. मुठीत वर्गात वापरतात तसला लेझर पेन.

हवालदाराने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गुरुदत्त दारातच थिजला. उमाने खाली बसून सरांच्या ओठांना पाणी लावलं.

"शनिवारी पडलो," ते कसेबसे बोलले. "फोन हॉलमध्ये. आवाज कुठवर जाणार? इथून समोर फक्त एकाच घरात लाईट दिसायची." ते थांबले, मग घाबरून म्हणाले, "हात थरथरत होता गं. कुणाच्या डोळ्यात नाही ना गेला?"

"नाही सर," उमा म्हणाली. "भिंतीवरच पडत होता."