दोन वार कापड

किल्ट, म्हणजे आमच्या स्कॉटलंडातल्या पुरुषांचा चुण्यांचा घागरा, घरीच शिवते म्हणणाऱ्या बायका माझ्या डोक्यात जातात. इन्व्हरनेसच्या माझ्या कापडाच्या दुकानात परवा अशीच एक आली, खेड्यावरची इश्बेल. तिनं चौकड्यांचं सगळ्यात पातळ लोकरी कापड उचललं. अस्तर नको म्हणाली, कमरेचे पट्टे नकोत, बक्कलं नकोत. वर हुकूम सोडला, “दोन वार फाडा.”

“अहो बाई, आठ वार कापड लागतं! पुढे नुसता सपाट पदर असतो, चुण्या सगळ्या मागे. दोन वारांत पुढचंच झाकेल.”

“पुढचंच झाकायचंय. नवऱ्यासाठी आहे. उद्या अकराला चर्चमध्ये हवाय.”

“आणि मागून? सगळं गाव बघेल! भिंतीला टेकवून उभा करणार का त्याला?”

“तुम्ही कापड विकता की अक्कल? कात्री चालवा.”

माझं टाळकंच सरकलं. कात्री आपटली आणि म्हटलं, “चारचौघांत नवऱ्याची शोभा करायला माझ्या दुकानातलं कापड मिळणार नाही!”

तिनं ती कात्री उचलली, शांतपणे स्वतःच दोन वार कापून घेतले आणि घडी घालत म्हणाली,

“छत्तीस वर्षं रोरी माझ्याकडे पाठ करून झोपला. उद्या शवपेटीत उताणाच झोपणार आहे. त्या पाठीवर आणखी सहा वार मी घालवायची नाही.”