खरी पसंती

सेमिनारला उभी राहिलेली शर्वाणी थेट फळ्याकडे वळली. विषय होता अल्गोरिदमिक गेम थिअरी, म्हणजे नियमांमुळे माणसं कसे डाव टाकतात याचं गणित. उदाहरण मात्र तिच्याच विभागातलं, विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या पसंतीनुसार प्रोजेक्टसाठी गाईड वाटण्याच्या पद्धतीचं.

"पहिली पसंती हुकली, की तोवर दुसऱ्या गाईडकडच्या जागाही त्याला पहिली पसंती देणाऱ्यांनी भरलेल्या असतात. म्हणून सगळे आधीच अंदाज बांधून खोटी पसंती लिहितात. जो खरी लिहितो, तो मरतो."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. शर्वाणीने खरी लिहिली होती आणि कोणालाच नको असलेला गाईड तिच्या गळ्यात पडला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"ही पद्धत मी बसवलीय," विभागप्रमुख केळुसकर सर म्हणाले. "आणि तुझे मार्क माझ्याच हातात आहेत."

"माहीत आहे, सर. तरीही खरी लिहिणाराच हरतो, याची सिद्धता पूर्ण करते."

खडूचा आवाज तेवढा येत राहिला. शेवटच्या ओळीपर्यंत सरांना एकही चूक सापडली नाही.

"ठीक आहे," ते नरमून म्हणाले. "तुला हवा तो गाईड देतो. विषय इथेच संपव."

क्षणभर शर्वाणीला मोह झाला.

"मला एकटीला नको, सर. पद्धतच बदला."