दोन ताटल्या

"निला हाय क?" काळुरामनं चौथ्यांदा विचारलं.

"बाबा, अजून उकळलंसुद्धा नाही," मंजुळा म्हणाली. ओट्यावर स्टो फरफरत होता. लाकडी चिमट्यात धरलेली काचेची नळी ती ज्योतीवर अलगद हलवत होती. बारावी सायन्सला असलेली ही एकटीच पोर मानपाड्याच्या त्या आळीत असं काही करू शकत होती. म्हणून पोपट नावाचा शेजारीही कुंपणावरून आत वाकून बघत उभा होता.

नळीतलं औषध मुळातच निळं. त्यात काळुरामच्या लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं. साखर नसली तर ते निळंच राहायचं. असली तर हिरवं, पिवळं व्हायचं, आणि फारच असली तर विटेसारखं लाल. दिवाळीत लाल झालं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, तीन रविवार लागोपाठ निळं राहिलं, तरच मोतीबिंदू काढू. काळुरामला आता उजेड-अंधार तेवढा कळायचा.

दोन रविवार निळं राहिलं होतं. आज तिसरा.

"उकळी आली!" पोपट ओरडला.

"काका, श्वास तरी घेऊ द्या," मंजुळा म्हणाली.

मंजुळाची आई सगुणा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला नळीकडे बघवत नव्हतं. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या होत्या, पण भात कमी करणं तिच्यावर आलं होतं. काळुराम परातीएवढ्या ताटात भाताचा डोंगर घेऊन जेवणारा माणूस. त्याला भात मोजून वाढायचा म्हणजे भांडणच. तिनं डोंबिवलीच्या बाजारातून स्टीलची एक लहान ताटली आणली. वाटीभर भात दाबून त्यात मूद पाडली, की ताटली भरायची. पहिल्या दिवशी काळुरामनं काठावरून बोट फिरवलं आणि ताटली अंगणात भिरकावली. "मी काय अंगनवारीतला पोर हाय?"

सगुणानं ती उचलून धुतली. दुसऱ्या दिवशी तिनं तशीच आणखी एक ताटली आणली आणि आपलं पान त्याच्यासमोर मांडलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण दोघं समोरासमोर कधी जेवली नव्हती. तो आधी, ती मागून, अशीच रीत. काळुरामनं हात लांबवून तिची ताटली चाचपली. काठ तेवढाच. मूद तेवढीच. मग तो मुकाट्यानं जेवला. तेव्हापासून रोज आधी तिची ताटली चाचपायची आणि मगच घास घ्यायचा.

"निळं!" मंजुळा किंचाळली. "आई, निळं! बघ ना, आकाशासारखं निळं!"

"निला?" काळुराम उठून उभाच राहिला. "खरा सांगतेस?"

"शाळेच्या शाईसारखं निळं, बाबा!"

पोपटनं कुंपणावरून उडीच मारली. "काळुदा, जिंकलास! मी आताच्या आता डॉक्टरकडं जातो, तारीख घेऊन येतो."

"अरे, आज रविवार हाय. दवाखाना बंद."

"मंग दाराला चिठ्ठी लावतो!" पोपटनं सायकल काढलीसुद्धा. चिठ्ठी लिहायला कागद घेतला नाही, हे त्याला कोपऱ्यावर गेल्यावर आठवलं. तो तिथूनच ओरडत परत आला, मंजुळाच्या वहीचं पान फाडून घेतलं आणि पुन्हा सुटला.

सगुणा धावत पुढे आली. चिमट्यासकट नळी घेऊन उजेडाकडे धरली आणि मंजुळाला परत दिली. मग काळुरामचे दोन्ही हात धरून तिनं ते गदागदा हलवले. "अवो, आता दिसंल तुमाला! मंजीचा तोंड दिसंल, वालाची शेंग दिसंल, समदा दिसंल!"

काळुराम हसत होता. हसता हसता त्याची बोटं तिच्या मनगटावर थांबली. मनगटाचं हाड हाताला लागलं. बांगड्या सैल होऊन पार कोपरापर्यंत घसरल्या होत्या. तो तिचा दंड चाचपत राहिला.

"काय झाला?" सगुणानं विचारलं.

"काय नाय," तो म्हणाला. "जेवाया वार."

दोन ताटल्या मांडल्या गेल्या. मंजुळानं कालवण आणलं. सगुणानं त्याच्या ताटलीत मूद पाडली, आपल्या ताटलीत पाडली आणि वाटी खाली ठेवायला गेली.

"वाटी इकरं दे," काळुराम म्हणाला.

"नाय हां! आजच निला झालाय आनि आजच..."

"दे म्हनतो ना."

तिनं भीतभीतच दिली. त्यानं चाचपडत भाताचा टोप जवळ ओढला. वाटी भरली, तळव्यानं दाबली. दुसऱ्या हातानं तिच्या ताटलीचा काठ शोधला आणि तिच्या मुदीशेजारी दुसरी मूद पाडली. थोडा भात जमिनीवर सांडला. त्यानं वाटी पुन्हा भरली.

"अवो, पुरे! यवरा कोन खानार?"

"तुला साखर हाय क?"

"नाय."

"मंग जेव."

तिसरी मूद काठावरून बाहेर आली. सगुणा ताटलीकडे बघत बसली. मंजुळाला वाटलं, आई आता रडणार.

सगुणानं भात कालवला. एक घास घेतला, मग दुसरा, मग भराभर घेऊ लागली. काळुराम आपल्या ताटलीला हात न लावता ऐकत होता.

"मंजे," भरल्या तोंडानं ती म्हणाली, "कालवन घाल गं अजून."